पोषकपेशींचा स्रोत: निनावी

सोमवार, १६ नोव्हेंबर २०४३. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शर्वरी आवटीने मिरजेच्या निर्झर प्रजनन केंद्रात संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. पत्र नऊ पानांचं होतं. तिने ते सगळं वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवले.

खोलीत आणखी दोघी होत्या. केंद्राच्या प्रमुख डॉ. मेघना वाटवे आणि शर्वरीच्या वकील यास्मिन मुजावर.

"काही समजलं नाही का?" वाटवेंनी विचारलं.

"सगळं समजलं. चौदावा रकाना सोडून."

चौदाव्या रकान्यात छापलेलं होतं: पोषकपेशींचा स्रोत: निनावी.

"तो सगळ्यांच्या फॉर्मवर तसाच असतो."

"सगळ्यांच्या म्हणजे? स्रोत एकच आहे ना? मी."

"हे बघा, आज दोनशे बारा बॅच चालू आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तुमची संमती आली नाही, तर प्राधिकरणाच्या आदेशानुसार मला त्या सगळ्या बंद कराव्या लागतील. बंद म्हणजे काय, तुम्हाला कल्पना आहे."

"आहे. पान सहावर लिहिलंय."

"दोनशे बारा जोडप्यांना तुम्ही ओलीस धरताय."

"मॅडम, चौदा वर्षं मी तुमच्या फ्रीजमध्ये आहे," शर्वरी म्हणाली. "ओलीस कोण?"

मुजावरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. अकरा वाजून सतरा मिनिटांनी बैठक संपली.

शर्वरीचं वय एकोणचाळीस. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका शीतगृहात ती हळदीचे नमुने तपासते. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, फरशीवर टाकून आवाज ऐकायचा, ओलावा मोजायचा आणि पोत्यावर प्रत लिहायची. प्रतीखाली तपासणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. गेली अकरा वर्षं ती ते लिहीत आली आहे. ती पारलिंगी स्त्री आहे. एकविसाव्या वर्षी तिने स्त्री-संप्रेरकं घ्यायला सुरुवात केली आणि चार वर्षांनी, मार्च २०२९ मध्ये, मिरजेतच शस्त्रक्रिया करून घेतली. त्या शस्त्रक्रियेत जे काढलं, ते पिवळ्या पिशवीत घालून जाळलं जातं असं तिला सांगितलं होतं. तिने पुढे काही विचारलं नाही.

ते जाळलं गेलं नाही.

पुरुषाच्या वृषणात शेकडो बारीक नळ्या असतात. प्रत्येक नळीच्या भिंतीपासून आतल्या पोकळीपर्यंत उभ्या राहिलेल्या मोठ्या पेशी असतात. १८६५ मध्ये सर्टोली नावाच्या एका तरुण इटालियन वैद्याने त्या पहिल्यांदा नीट पाहिल्या आणि त्यांच्या फांद्यांसारख्या आकाराचं वर्णन केलं. आज त्यांना सर्टोली पेशी किंवा पोषकपेशी म्हणतात. शुक्रजंतू होऊ घातलेली पेशी या पोषकपेशीच्या अंगाच्या घडीत बसूनच वाढते. एकटी ती जगत नाही. पोषकपेशी तिला तिच्या जोगतं अन्न बनवून देते, तिचा टाकाऊ भाग गिळते, अर्ध्यात मेलेल्या पेशी उचलून नेते. शिवाय शेजारशेजारच्या पोषकपेशी एकमेकींना घट्ट चिकटून एक भिंत तयार करतात. वाढत्या पेशीला त्या भिंतीतून आत जायचं असतं तेव्हा तिच्या मागे नवा दरवाजा लागतो आणि मगच पुढचा जुना दरवाजा उघडतो. दोन्ही एकदम कधी उघडे राहत नाहीत. कारण आत वाढणारी पेशी शरीराच्या संरक्षक यंत्रणेला परकी वाटते. ती दिसली तर मारली जाईल. मूळ पेशीपासून शेपटीवाल्या शुक्रजंतूपर्यंत हा प्रवास सुमारे चौऱ्याहत्तर दिवसांचा असतो.

ज्यांच्या शरीरात हे घडत नाही त्यांच्यासाठी ते बाहेर, काचेच्या नळीत घडवायचं, हा प्रयत्न जगभर चालू होता. अडचण पोषकपेशींची होती. वयात आल्यावर त्या वाढायच्या थांबतात. जेवढ्या आहेत तेवढ्या, आणि एक पेशी ठरावीक मुलंच सांभाळू शकते. प्रयोगशाळेत नव्याने बनवलेल्या पोषकपेशी कच्च्या निघत, भिंत गळकी राहत असे. पण चार वर्षं स्त्री-संप्रेरकं घेतलेल्या माणसाच्या वृषणात एक गोष्ट घडते. पोषकपेशी मागे जातात, वयात येण्याआधीच्या अवस्थेत. त्या पुन्हा वाढू शकतात. शर्वरीच्या पेशी वाढल्या, आणि संप्रेरक बदलताच पुन्हा पिकल्या. भिंत अशी घट्ट झाली की केंद्रातल्या लोकांनी ती तीनदा तपासली. इतरांच्या ऊतकांवर तोच प्रयोग सव्वीस वेळा झाला आणि सव्वीस वेळा फसला. हळदीचा वाण म्हणावा तसा प्रयोगशाळेत या पेशींना वाणच म्हणतात. एस-११. आज हा वाण एकोणीस केंद्रांत आहे. त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या शुक्रजंतूंपासून सहा हजार चारशे मुलं जन्मली आहेत.

या मुलांत शर्वरीचा जनुकीय वाटा शून्य आहे. पोषकपेशी सांभाळते, स्वतःचं काही देत नाही. याबद्दल कुणाचंच दुमत नाही, शर्वरीचंही नाही.

तिला हे कळलं ते ३ सप्टेंबरला, मोबाईलवरच्या संदेशातून. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक पेशी-वाण मूळ व्यक्तीच्या आरोग्य क्रमांकाशी जोडायचा होता. संगणकाने जोडला आणि कळवलं: आपल्या ऊतकापासून तयार केलेल्या वाणाची नोंद पूर्ण झाली आहे, धन्यवाद. शर्वरीने संमतीपत्राची प्रत मागवली. सव्वीस दिवसांनी ती आली. रुग्णाच्या सहीची जागा कोरी होती. नातेवाइकाच्या सहीच्या सातही जागा भरलेल्या होत्या. सही होती महांतेश शिवलिंग आवटी याची. तिच्या धाकट्या भावाची.

मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन बघावं. रुग्ण सज्ञान असो, शुद्धीवर असो, काउंटरवरून एकच हाक येते: पेशंटबरोबर कोण आहे? जो पुढे येतो त्याच्यासमोर कागद सरकतात. २०२९ मध्ये चौकशीच्या खिडकीपासून वीस फुटांवर शर्वरी पूर्ण शुद्धीत बसलेली होती. कागद तिच्याकडे आलेच नाहीत. म्हणूनच पेशी-वाणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने आता तिची स्वतःची नवी संमती मागितली होती.

मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी महांतेश मार्केट यार्डात आला. वय छत्तीस, मिरजेत बोअरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान. चौदा वर्षांत बहीणभाऊ दोनदा भेटले होते. एकदा आईच्या मयताला, एकदा पेट्रोल पंपावर, रांगेत पुढे-मागे.

"जेवण झालं?" त्याने विचारलं.

"झालं. बस की. पोत्यावर नको, त्या खुर्चीवर. हळद पँटला लागली तर निघत नाही."

तो उभाच राहिला.

"त्या सेंटरवाल्यांची सही," तो म्हणाला. "करून टाकली असती तर बरं झालं असतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या जोडप्यांना मेसेज आलाय. नाव नव्हतं. पण ऊतक घेतल्याची तारीख होती. बारा मार्च एकोणतीस. ती तारीख मी विसरेन कशी?"

"जोडप्यांना म्हणजे? तुला कसा आला?"

"ट्रे एकशे अठरा," महांतेश म्हणाला. "आज एकसष्टावा दिवस आहे."

शर्वरीच्या हातात मोडलेलं हळकुंड होतं. ते तिने दोन्ही तुकडे जुळवून ताटलीत ठेवलं.

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. महांतेश चौदा वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालं होतं. गालाला हळदीचा लेप लावत तीच त्याच्याजवळ बसली होती. गाल उतरले आणि सूज खाली गेली. पोरगं कळवळत होतं, पण कुठं दुखतंय हे घरात कुणी मोठ्याने म्हणायला तयार नव्हतं. पाचव्या दिवशी डॉक्टरला सांगितलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. लग्नानंतर नऊ वर्षांनी केंद्राने त्याच्या शरीरातून बारीक तुकडा घेतला. त्यात एकशे चाळीस मूळपेशी जिवंत सापडल्या. त्या सगळ्या ट्रे एकशे अठरामध्ये आहेत. दुसऱ्यांदा घ्यायला काही शिल्लक नाही.

"चौऱ्याहत्तराव्या दिवशी पिकतात," महांतेश म्हणाला. "शुक्रवारी चौसष्टावा. दहा दिवस कमी. कच्चे वापरायला परवानगी नाही. मी विचारून आलोय."

शर्वरीने पिशवीतून दोन झेरॉक्स काढून त्याच्यासमोर धरल्या.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"माझीच."

पहिल्या कागदावर तारीख होती १२ मार्च २०२९. दुसऱ्यावर १९ मार्च. दुसरा पुरवठा कार्यालयातला अर्ज होता, वडिलांच्या, अण्णांच्या रेशनकार्डावरून एक नाव कमी करण्याचा.

"पहिल्यात काय लिहिलं होतं?"

"देवाशप्पथ, वाचलं नव्हतं. काउंटरवरची बाई पानं उलटत होती आणि बोट ठेवत होती. इथं, इथं, इथं. मी करत गेलो. घरातलं कुणी येत नव्हतं, मी एकटा आलो होतो. सह्या झाल्या नसत्या तर ऑपरेशन थांबलं असतं."

"आणि दुसऱ्यात?"

यार्डात कुठेतरी पोती उतरवणाऱ्या ट्रकचा फाळका आपटला.

"ते वाचलं होतं," महांतेश म्हणाला.

मग तो खुर्चीवर बसला. हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "नाव परत घालतो. अण्णांशी बोलतो मी. उद्याच अर्ज करतो."

"मला तुमच्या कार्डावर यायचं नाही. माझं कार्ड आहे माझ्याकडे. एकाच नावाचं आहे, पण छापलेलं आहे."

"मग पाहिजे काय तुला?"

"जे झालं ते, जसं झालं तसं लिहिलेलं पाहिजे."

"त्यानं पोराला काय फरक पडणार आहे? डॉक्टर म्हणतात, तुझा अंशसुद्धा नसतो त्यात."

"नसतोच. मी कुठं मागतेय अंश? अडीच महिने कुणी सांभाळलं तेवढं लिहा. हे बघ, या पोत्यातल्या हळदीत माझा काय अंश आहे? तरी खाली माझं नाव आहे. उद्या माल खोटा निघाला तर लोक मला शोधत येतात. खरा निघाला तरी नाव तेच."

"लोक काय म्हणतील पोराला, शाळेत, गल्लीत? फॉर्मवर असलं..."

"असलं म्हणजे?"

त्याने खिशातून मोबाईल काढला आणि परत ठेवला.

"लोक वाचणार नाहीत रे, महांतेश. तू तरी कुठं वाचतोस?"

तो उठला. दारापर्यंत जाऊन वळला. "म्हणजे नाही?"

"या कागदावर नाही."

तो गेल्यावर तिने दिवसाची उरलेली अठरा पोती तपासली. शीतगृहाच्या वहीत त्यातल्या तीन नोंदी खोडून पुन्हा लिहिलेल्या आहेत.

बुधवारी सकाळपासून फोन सुरू झाले. तिचा क्रमांक कसा फुटला हे अजून कळलेलं नाही. सोलापूरची एक बाई अकरा मिनिटं बोलत होती. तिच्या बॅचचा एकाहत्तरावा दिवस होता. शनिवारी पिकणार होती, शुक्रवारी बंद पडणार होती. "तुमच्या नावापायी आमचं पोर जाणार," ती म्हणाली, आणि बरंच काही म्हणाली जे इथे लिहिण्यासारखं नाही. शर्वरीने फोन कापला नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "तुमच्या फॉर्मवरचा चौदावा रकाना वाचलात का?" बाईने फोन ठेवला.

त्याच दुपारी डॉ. वाटवेंनी तिला प्रयोगशाळा बघायला बोलावलं. मुजावर म्हणाल्या, "जाऊ नका. मन वळवायला बोलावलंय." शर्वरी गेली.

पडद्यावर ट्रे एकशे अठराची एक नळी होती, मागच्या सहा दिवसांचं चित्रण चार मिनिटांत. उभ्या, फिकट, झाडासारख्या पेशी. त्यांच्या घड्यांत बारीक, गडद, लांबट होत चाललेली डोकी.

"ही मोठी तुमची," वाटवे म्हणाल्या. "हिच्याकडे एकाच वेळी वेगवेगळ्या वयाची मुलं असतात. तळाशी लहान, वर मोठी. प्रत्येकाला वेगळं अन्न."

"आणि ही सांगते त्यांना, कधी काय व्हायचं ते?"

"तसं वाटतं. पण उलटं आहे. फार पूर्वी एक प्रयोग झाला. उंदराच्या पोषकपेशीत घुशीच्या मूळपेशी वाढवल्या. दोघांचा वेग वेगळा असतो. घुशीच्या पेशी घुशीच्याच वेगाने वाढल्या, आणि पोषकपेशीने त्यांचं घड्याळ पाळलं. एकाच नळीत आपल्या पेशींना आपल्या वेळेने, पाहुण्यांना पाहुण्यांच्या. कोण कुणाचं हे ती बघत नाही. कुठल्या वयाला काय लागतं, तेवढं बघते."

शर्वरीने चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"इतकं छान सांगता तुम्ही," ती म्हणाली. "मग निनावी का?"

वाटवेंनी पडदा बंद केला. त्या चोपन्न वर्षांच्या आहेत आणि एस-११ वर पहिल्या दिवसापासून काम करताहेत.

"कायद्यात दात्याचं नाव गुप्त ठेवतात."

"तो कायदा बीजाचा आहे. मी बीज दिलेलं नाही. मुजावर मॅडमनी मला कलम वाचून दाखवलंय. मी खरं कारण विचारतेय."

"खरं सांगू? पहिल्या सल्लागार समितीत ठरलं. स्रोत कोण आहे हे सांगितलं तर जोडपी येणार नाहीत, असं सगळ्यांचं मत पडलं."

"तुमचंही?"

"माझंही."

"मॅडम, एकदा तरी विचारून बघायचं होतं जोडप्यांना," शर्वरी म्हणाली आणि चपला घालायला बाहेर गेली.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता विश्रामबागेतल्या तिच्या घराची बेल वाजली. दारात महांतेशची बायको प्राजक्ता होती. वय तेहतीस, पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवते. दोघींची ही पहिलीच भेट.

"अक्का, मी विनवण्या करायला आलेली नाही," ती उंबऱ्यावरच म्हणाली.

"मग आत ये. चहा घे."

चहा होईपर्यंत प्राजक्ताने फाईल उघडून ठेवली. पालकांचा फॉर्म, नऊ पानं. पान सातवर चौदाव्या रकान्यातल्या 'निनावी'वर पट्टी ठेवून मारलेली सरळ रेघ होती. वर तांत्रिक आरेखनाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: शर्वरी शिवलिंग आवटी. मुलाची आत्या.

शर्वरीने ते वाचलं. चहा उतू गेला.

"माझ्या वर्गात प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकट असते," प्राजक्ता म्हणाली. "कुणी काढलं, कुणी तपासलं. चौकट रिकामी असेल तर मी कागद तपासतच नाही, परत देते. पोरं शिव्या घालतात मला. आणि माझ्याच पोराच्या कागदावर मी निनावी चालवून घेऊ?"

"हे चालेल का पण?"

"माहीत नाही. फोटो काढून जोडप्यांच्या ग्रुपवर टाकला काल. बायकांची नुसती जुंपलीय. तिघींनी मला ग्रुपमधून काढा म्हणून सांगितलं. पंधरा जणींनी तसंच लिहून फोटो टाकले."

"महांतेशची सही कुठंय?"

"राहिलीय. दोघांची लागते." प्राजक्ताने कप हातात घेतला. "मंगळवारपासून बोललेले नाहीत माझ्याशी. मोटारी मात्र धडाधड भरतायत. एक तर उलटी फिरायला लागली म्हणे."

शर्वरी हसली. मग म्हणाली, "सासऱ्यांना कळलं?"

"अण्णा म्हणाले, असला कागद या घरात येणार नाही. मी म्हटलं, घरात कशाला, तो सेंटरात राहील."

मुजावरांना फोन लागला तेव्हा साडेसात वाजले होते. शर्वरीने जे सांगितलं ते मुजावरांनी दोनदा वदवून घेतलं. संमतीपत्रावर दोनच पर्याय होते, संमती आणि नकार. तिला तिसरा लिहायचा होता. ज्या फॉर्मवर पालकांनी तिचं नाव लिहिलं असेल, त्या बॅचला संमती. बाकीच्यांना नाही.

"बाकीची जोडपी तुम्हाला कधी माफ करणार नाहीत," मुजावर म्हणाल्या. "आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नाही."

"माहीत आहे."

"बहात्तराव्या दिवसाच्या बॅच आहेत त्यात."

"माहीत आहे, मॅडम. त्या सोलापूरच्या बाईंचा आवाज माझ्या कानातून जात नाही. पण मी गप्प बसून सही केली तर पुढचे सहा हजारही निनावीच. मला चौदा वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. त्यांना निदान एक दिवस आहे. एक शब्द खोडायचा आणि एक लिहायचा."

शुक्रवार, २० नोव्हेंबर. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी शर्वरी, मुजावर आणि प्राजक्ता केंद्रात पोहोचल्या. शर्वरीची अट प्राजक्ताने रात्रीच ग्रुपवर कळवली होती, आणि तोवर नाव लिहिलेले एकोणपन्नास फॉर्म आले होते. नऊ जोडप्यांनी लेखी कळवलं होतं की असलं नाव लिहिण्यापेक्षा बॅच बंद पडलेली बरी. उरलेल्यांकडून काहीच नव्हतं.

चार वाजून आठ मिनिटांनी महांतेश आला. बोटांना वार्निश लागलेलं होतं. तो कुणाशी न बोलता टेबलाशी बसला. केंद्रातली लिपिक बाई घाईघाईने पुढे आली, फॉर्म उघडला आणि सवयीने बोट ठेवलं.

"इथं करा. मग इथं, आणि मागच्या पानावर इथं."

महांतेशने तिचं बोट कागदावरून हलकेच बाजूला केलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "वाचू द्या."

"अहो, पन्नास मिनिटं राहिलीत. नऊ पानं आहेत."

"मग बोलू नका."

तो वाचायला लागला. शाळा सुटल्यापासून त्याने इतकं सलग काही वाचलं नसावं. ओठ हलत होते. दुसऱ्या पानावर त्याने 'अपक्व' म्हणजे काय विचारलं, वाटवेंनी सांगितलं. चौथ्या पानावर तो मागे गेला, पुन्हा पुढे आला. चार वाजून तीस मिनिटं. प्राजक्ता खिडकीशी जाऊन उभी राहिली. मुजावर घड्याळाकडे बघत होत्या. शर्वरी त्याच्या समोर बसली होती.

चार एकेचाळीसला सातवं पान आलं. त्याने चौदावा रकाना वाचला. मग पुन्हा वाचला.

"इथं 'आत्या' लिहिलंय प्राजक्तानं," तो मान खाली घालूनच म्हणाला. "हे ठेवायचं?"

"खोटं असेल तर खोड," शर्वरी म्हणाली.

त्याच्या हातात पेन होतं. बाहेर व्हरांड्यात कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला.

"अण्णा मला घरात घेणार नाहीत," महांतेश म्हणाला.

"त्याची सवय होते."

त्याने पान उलटलं. रेघ मारली नाही. आठवं आणि नववं पान वाचून संपायला आणखी अकरा मिनिटं गेली. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी त्याने सही केली. मग फॉर्म फिरवून शर्वरीसमोर ठेवला.

"आता तू वाच," तो म्हणाला.

"मी सोमवारीच वाचलाय."

"तो तुझा होता. हा आमचा आहे. वाच."

तिने सातवं पान तेवढं वाचलं. मग स्वतःच्या संमतीपत्रावरचे दोन्ही छापील पर्याय खोडले, खाली आपल्या हाताने साडेतीन ओळी लिहिल्या आणि सही केली. चार वाजून सत्तावन्न मिनिटं.

वाटवेंनी ते उभ्यानेच वाचलं. "हे मला स्वीकारता येणार नाही," त्या म्हणाल्या. "असा पर्यायच नाही."

"मग नाकारा," मुजावर म्हणाल्या. "लेखी. कारणासह. समितीत काय ठरलं होतं तेही लिहा."

वाटवेंनी सगळे कागद स्कॅन करून प्राधिकरणाकडे पाठवले. पोच आली चार एकोणसाठला. पाच वाजता प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने दारात येऊन विचारलं, "मॅडम, बंद करायचे का?"

"वरून उत्तर येईपर्यंत माझ्या सांगण्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," वाटवे म्हणाल्या.

"सगळ्यांना, की फक्त नाववाल्या...?"

"सगळ्यांना. जा."

आदेशात पाचची वेळ होती. ती वाटवेंनी मोडली, हे त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिलं आणि खाली नाव घातलं.

शनिवार, सकाळी नऊ. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अर्जासमोर 'विचाराधीन' एवढंच दिसतं. सकाळी आठपर्यंत नाव लिहिलेले फॉर्म त्रेसष्ट झाले होते. त्यातला शेवटचा सोलापूरहून आला आहे. शर्वरी कामावर आहे. महांतेशचं दुकान उघडलेलं नाही, त्याचा फोन लागत नाही, आणि तो घरी गेला की नाही हे प्राजक्ताने सांगितलं नाही. केंद्राच्या संगणकात चौदाव्या रकान्यात काही लिहायची सोयच नाही, त्यामुळे पडद्यावर त्रेसष्टही फॉर्मसमोर अजून 'निनावी' दिसतं. कागदावर तसं नाही. सकाळच्या नोंदीप्रमाणे ट्रे एकशे अठराचा पासष्टावा दिवस आहे. तापमान चौतीस अंश. भिंत शाबूत.